पहिला ‘एज’ दोन दुपार, मग दुसरा : नव्या खेळाडूसाठी वाट

मे महिन्यात भाची मालवणला आली की दुपारी दोन ते पाच तिला घराबाहेर सोडायची सोय नसते. ऊन असं की अंगणात वाळत घातलेली सोलंसुद्धा हाताला चटका देतात. यंदा त्या तीन तासांसाठी तिने हट्ट धरला, ‘एज ऑफ एम्पायर्स’ शिकव. हा कॉम्प्युटरवरचा खेळ : गाव वसवायचं, सामान जमवायचं, सैन्य उभं करायचं आणि शत्रूशी लढायचं. वर्गातली मुलं दुसरा भाग खेळतात, म्हणून तिलाही थेट दुसराच हवा होता. मी तिला आधी दोन दुपार पहिला खेळायला बसवलं. पहिल्या दिवशी ती रुसली. तिसऱ्या दिवशी दुसरा भाग सुरू केला तेव्हा एकेक बटण बघून ती ‘अगो, हां पण आसा?’ म्हणत होती, आणि मला माझं शाळेचं शेवटचं वर्ष आठवलं. तेव्हा मामेभावाच्या घरातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर आम्ही पाच जण पाळी लावून हाच खेळ खेळायचो आणि त्याला नुसतं ‘एज’ म्हणायचो.

हा लेख तिच्यासारख्या नव्यांसाठी आहे. माझं म्हणणं सरळ आहे. दुसऱ्या भागात जे नवं आलं, त्यातलं बहुतेक पहिल्या भागातल्या कुठल्या ना कुठल्या अडचणीवरचं उत्तर आहे. अडचण सोसलेली नसली तर ते उत्तर पडद्यावरच्या गर्दीतलं आणखी एक चित्र वाटतं, आणि नवा माणूस त्याला हातच लावत नाही. म्हणून आधी पहिला, पण थोडाच.

आधी कुठली आवृत्ती घ्यायची ते ठरवा

पहिला भाग एन्सेम्बल स्टुडिओज या अमेरिकन कंपनीने केला आणि मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये बाजारात आणला. दुसरा, ‘द एज ऑफ किंग्ज’, १९९९ चा. दोन्हींना पुढच्याच वर्षी एकेक पुरवणी आली : पहिल्याला ‘राइज ऑफ रोम’, दुसऱ्याला ‘द कॉन्करर्स’. आज विकत मिळतात त्या नव्याने रंगवलेल्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’, पहिल्याची २०१८ ची आणि दुसऱ्याची २०१९ ची.

दोन्ही डेफिनिटिव्हच घ्या. जुन्या सीडी नव्या विंडोजवर चालवताना दुपार फुकट जाते. २०२३ मध्ये दुसऱ्या भागाला ‘रिटर्न ऑफ रोम’ नावाची पुरवणी आली, तिच्यात पहिल्या भागाच्या संस्कृती, म्हणजे आपण ज्यांच्या बाजूने खेळतो ती लोकं, दुसऱ्याच्या सोयींसह खेळता येतात. चांगली आहे, पण सुरुवात तिथून करू नका. पहिल्याची लोकं आणि दुसऱ्याच्या सोयी एकत्र आल्या की कुठली गोष्ट कुठून आली हे कळतच नाही.

दुसऱ्या भागाला डिस्कवर तीसेक जीबी जागा लागते. भारी चित्रांचा वेगळा संच फुकट मिळतो, तो साध्या लॅपटॉपवर उतरवू नका. आमच्याकडे पावसाळ्यात झाड पडलं की वीज गेली आणि टॉवरही गेला, त्यामुळे खेळ मे संपायच्या आत उतरवून ठेवावा. मोहिमा (एका गोष्टीत ओवलेले डाव) आणि कॉम्प्युटरविरुद्धचे सुटे डाव मग नेटवाचून खेळता येतात. डाव युगायुगांनी पुढे सरकतो. वीज कधीही जाऊ शकते तिथे युग बदलताना दर वेळी हाताने सेव्ह करायची सवय लावून घ्या.

मुलांसाठी आणखी एक. दुसऱ्या भागाच्या डेफिनिटिव्हमध्ये सूचना हिंदीत वाचता येतात. मराठी नाही, पण पाचवी-सहावीच्या मुलाचं हिंदीवर भागतं.

पहिली दुपार : तीन गावकरी आणि एक बोरीचं झुडूप

‘असेंट ऑफ इजिप्त’ ही शिकाऊ मोहीम उघडा. पहिले दोन-तीन टप्पे झाले की ती सोडून कॉम्प्युटरविरुद्ध एक साधा डाव लावा.

तुमच्याकडे तीन गावकरी, एक टाऊन सेंटर (गावाची मुख्य इमारत, नवे गावकरी इथेच तयार होतात), २०० अन्न, २०० लाकूड आणि थोडा दगड असतो. गावकऱ्याला ५० अन्न लागतं. टाऊन सेंटर चारच माणसांना आसरा देतं, म्हणून पहिलं काम घर बांधायचं. मग बोरं तोडायची, हरणं मारायची, लाकूड तोडायचं. सामान नेऊन टाकायला दोन वेगळ्या इमारती असतात. बोरं आणि शेतातलं धान्य कोठारात जातं. लाकूड, दगड, सोनं आणि शिकारीचं मांस स्टोरेज पिटमध्ये. झुडपापासून कोठार लांब बांधलंत तर गावकऱ्यांचा अर्धा वेळ चालण्यात जातो. हा एकच धडा पहिल्या दुपारी पक्का झाला तरी पुरे, कारण दुसऱ्या भागात तो जसाच्या तसा लागतो.

चार युगं आहेत : स्टोन, टूल, ब्राँझ, आयर्न. टूलमध्ये जायला ५०० अन्न आणि आधीच्या युगातल्या दोन इमारती हव्यात, ब्राँझसाठी ८०० अन्न, आयर्नसाठी १००० अन्न आणि ८०० सोनं.

खेळताना कॉम्प्युटरला हरवायच्या मागे लागू नका. कुठे कंटाळा आला, कुठे चिडचिड झाली ते वहीत लिहा. मी भाचीला खरोखर वही दिली होती. तिच्या पहिल्या पानावर चार ओळी होत्या : ‘शेत संपलं, कळलंच नाही. पुजाऱ्याने माझा घोडेस्वार चोरला. सगळे एकाच वाटेत अडकले. शत्रू आला आणि बायका मेल्या.’ शेवटची ओळ म्हणजे बोरं तोडणाऱ्या गावकरणी.

पुजारी हे या खेळाचं खास प्रकरण. लांब उभा राहून तो मंत्र म्हणतो आणि तुमचा सैनिक रंग बदलून त्याच्याकडून लढायला लागतो. ती ‘वोलोलो’ आरोळी ज्याने एकदा ऐकली तो विसरत नाही. दुसऱ्या भागात त्याच्या जागी मंक आला. तोही माणसं फितवतो, शिवाय नकाशावर विखुरलेले पवित्र अवशेष उचलून मठात ठेवतो आणि ते तिथे असेपर्यंत सोनं थेंबथेंब येत राहतं.

दुसरी दुपार : भिंत बांधून बघा

दुसऱ्या दुपारी मी भाचीला गावाभोवती दगडी भिंत घालायला सांगितली. तिने मन लावून घातली, झाडी आणि पाणी धरून नेमकी वळवली. मग लाकूड संपलं. रान भिंतीबाहेर. ती भिंतीच्या कडेकडेने माऊस फिरवत राहिली आणि शेवटी विचारलं, ‘मावशी, ह्या भिंतीक दार खंय आसा?’

दार नाहीच. पहिल्या भागात भिंतीला दरवाजा बसवता येत नाही. एक तर फट ठेवायची आणि तिथे माणसं उभी करायची, नाही तर स्वतःचीच भिंत फोडायची.

आमच्या घराच्या गच्चीवरून सिंधुदुर्ग दिसतो. कुरटे बेटावर १६६४ मध्ये त्याचा पाया घातला गेला. होडीतून जाताना तटच तट दिसतो, पण महादरवाजा कुठे आहे ते धक्क्यावर उतरून अगदी जवळ गेल्याशिवाय समजत नाही, कारण दोन बुरुजांच्या वळणात तो लपवला आहे. लहानपणापासून ते बघितलेल्या मुलीला बिनदरवाजाची भिंत पटणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या भागात तिने पहिलं काय केलं असेल, तर दरवाजा शोधून काढला. तो आपल्या माणसांना आपोआप उघडतो, शत्रूला बंद राहतो, आणि हवा तेव्हा कुलूपही लावता येतं.

१९९७ च्या मूळ खेळात यापेक्षा कडक गोष्टी होत्या. एका वेळी एकच गावकरी सांगता यायचा, तो तयार झाला की पुन्हा टाऊन सेंटरवर जाऊन पुढचा सांगायचा. रांग लावायची सोय ‘राइज ऑफ रोम’मध्ये आली. एका बाजूला पन्नासच्या वर माणसं होत नसत. शेत पिकून संपलं की गावकरी त्याच्या बांधावर गप्प उभा राहायचा आणि कुणाला पत्ता लागत नसे. डेफिनिटिव्हमध्ये यातलं काही सुसह्य केलंय : रांग लागते, रिकामा गावकरी शोधायचं बटण आहे, माणसांची मर्यादा वाढली आहे. पण दरवाजा आणि संकटात इमारतीत शिरून लपणं या दोन गोष्टी पहिल्याला मिळाल्या नाहीत, आणि नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळतात त्या याच.

दोन दुपार झाल्या की थांबा. पहिल्याचं व्यसन लागलं तर नंतर परत या, तो तिथेच आहे.

तिसरा दिवस : वही उघडून दुसऱ्यात शिरा

आता वहीतली एकेक तक्रार घ्या आणि दुसऱ्या भागात तिचं उत्तर शोधा. मी शिकवायची हीच रीत धरली आणि ती लागू पडली.

गावकरणी मेल्या? इथे टाऊन सेंटरमध्ये १५ जण आत शिरू शकतात आणि आत शिरले की सेंटर जास्त बाण सोडतं. घंटेचं बटण आहे. ते दाबलं की सगळे गावकरी हातातलं काम टाकून जवळच्या इमारतीत पळतात, पुन्हा दाबलं की आपापल्या कामावर परत जातात. बुरुजात आणि किल्ल्यातही माणसं ठेवता येतात. पहिल्या भागात टाऊन सेंटर ही नुसती इमारत होती, इथे ते घर, शाळा आणि तटबंदी तिन्ही झालं.

वाटेत अडकले? इथे सैन्य रांगेत चालतं, पुढे धट्टेकट्टे आणि मागे तिरंदाज. कधीकधी इथेही जंगलाच्या कडेला गुंता होतो, पण पहिल्यासारखा डोक्याला ताप नाही.

शेत संपलं? १९९९ मध्ये हे दुखणं तसंच होतं. ‘कॉन्करर्स’ने गिरणीत आगाऊ पेरणीची रांग दिली, आणि डेफिनिटिव्हमध्ये लाकूड शिल्लक असलं की शेत आपोआप पुन्हा पेरलं जातं. तिन्ही पायऱ्या ओळीने बघितल्या की करणाऱ्यांनी खेळणाऱ्याचं किती ऐकलं ते कळतं.

सोनं संपलं? पहिल्यात खाण संपली की परक्या बंदरात व्यापारी होडी पाठवणं एवढाच मार्ग. दुसऱ्यात बाजारात लाकूड, अन्न, दगड विकून सोनं घेता येतं, पण एकच माल विकत सुटलात तर भाव पडत जातो. आंब्याच्या पेट्या एकदम वाशीला उतरल्यावर काय होतं ते इथल्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको. मित्राच्या बाजारात बैलगाड्याही पाठवता येतात, आणि बाजार जितका लांब तितकं एका खेपेचं सोनं जास्त.

दुसऱ्याची पहिली दहा मिनिटं

इथे घाई करू नका. नवी मुलं लढाईसाठी उतावीळ असतात आणि सहाव्या मिनिटाला पाच सैनिक घेऊन निघतात. डाव खरा ठरतो तो या दहा मिनिटांत.

कीबोर्डवर एच दाबा, टाऊन सेंटर निवडलं जातं. क्यू दाबा, गावकरी सांगितला जातो. तो २५ सेकंदांत तयार होतो. सुरुवातीच्या २०० अन्नात चार गावकरी लगेच सांगून टाका. दोघांना एका घरावर लावा, तिसऱ्याला दुसऱ्या घरावर. घराला २५ लाकूड लागतं आणि पाच माणसांची सोय होते. बरोबर एक घोडेस्वार टेहळ्या असतो, त्याला टाऊन सेंटरभोवती गोल फिरवत वर्तुळ मोठं करत न्या. चार मेंढ्या जवळच सापडतील, आणखी चार जरा पलीकडे.

मेंढ्या टाऊन सेंटरच्या अगदी भिंतीला आणा आणि एका वेळी एकच मारा. मेलेल्या जनावराचं मांस सडत जातं, दोन एकदम मारल्या तर एकीतलं वाया जातं. पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर. पुढचे चार लाकडावर, झाडीला चिकटून लाकूडतोड्यांचा तळ बांधून. पुढचा एक रानडुकरावर. त्यानंतरचे चार बोरांवर, शेजारी गिरणी बांधून.

रानडुक्कर हा पहिल्या आठवड्यातला सगळ्यात अवघड धडा, म्हणून जवळून सांगते. डुकराकडून ३४० अन्न मिळतं, मेंढीकडून १००. पण मेंढी उभी राहते आणि डुक्कर उलटतो. आधी टाऊन सेंटरमध्ये ५० सोनं देऊन ‘लूम’ नावाची सुधारणा करून घ्या, त्याने गावकऱ्याचा जीव २५ वरून ४० होतो. एक गावकरी पाठवा. त्याने एक बाण मारला की तो डुक्कर अंगावर येतो. त्याच क्षणी गावकऱ्याला टाऊन सेंटरकडे पळवा, मागे बघत थांबू देऊ नका. डुक्कर पाठोपाठ येईल. मेंढ्यांवरचे पाचसहा जण तयारच असतात, तो जवळ आला की सगळ्यांना त्याच्यावर सोडा. पळणाऱ्याचा जीव कमी दिसला तर त्याला आत शिरवा.

भाचीने पहिले तीन गावकरी गमावले. चौथ्या वेळी डुक्कर बरोबर टाऊन सेंटरच्या दारात पडला आणि ती इतकी ओरडली की शेजारच्या काकू विचारायला आल्या. भातात डुकरं शिरली म्हणून रात्र जागवलेल्या घरातल्या मुलीला त्या डुकराचा राग आधीपासूनच होता.

घर कमी पडून टाऊन सेंटर थांबलं असं एकदाही होऊ देऊ नका. पंचवीसेक माणसं झाली आणि ५०० अन्न जमलं की फ्यूडल या दुसऱ्या युगाचं बटण दाबा. दोन इमारती लागतात, त्या गिरणी आणि लाकूडतळाने आपोआप झालेल्या असतात. त्यापुढच्या कॅसल युगाला ८०० अन्न आणि २०० सोनं. युगं इथेही चार आहेत, आणि शेवटच्याचा खर्च पहिल्या भागातल्या आयर्नइतकाच.

हे सगळं एकट्याने जमत नसेल तर खेळातच ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे धडे आहेत, त्यात डुक्कर ओढण्यापासूनचा सराव करून मिळतो आणि पदकंही मिळतात. गोष्ट आवडणाऱ्यांनी विल्यम वॉलेसची शिकाऊ मोहीम घ्यावी, सात टप्प्यांची आहे.

कोण कुणाला भारी

पहिल्या भागात चांगलं एकच सैन्य मोठ्या संख्येने केलं की बहुतेक वेळा भागतं. तीच खोड घेऊन दुसऱ्यात आलात तर मार खाल. इथे भालेवाला घोडेस्वाराला मारतो, छोटा भाला फेकणारा स्कर्मिशर तिरंदाजाला, आणि घोडेस्वार त्या स्कर्मिशरला. समोरचा काय करतोय ते टेहळ्याने बघायचं आणि मग आपण ठरवायचं. वहीच्या शेवटच्या पानावर एवढं लिहून चिकटवा.

समुद्र

आपल्या मुलांना समुद्राचे नकाशे आवडतात, म्हणून हे वेगळं. दोन्ही भागांत बंदर बांधून मासेमारीच्या होड्या सोडता येतात आणि शेतापेक्षा ते लवकर पोट भरतं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते, खेळात नसते, त्यामुळे जवळचा मासा लवकर संपतो. पहिल्यात संपला तो संपला. दुसऱ्यात होडीला पाण्यात मासेपिंजरा बांधता येतो, लाकूड घालत राहायचं आणि मासा काढत राहायचं. किनाऱ्याच्या माशापेक्षा खोल पाण्यातला मासा भराभर भरतो, म्हणून होड्या आधी तिकडे पाठवा. लढाऊ जहाजांतही इथे उतारा-प्रतिउतारा आहे : बाण सोडणाऱ्या गॅलीला आग ओकणारं जहाज जवळ जाऊन संपवतं, आणि त्या आगीच्या जहाजांच्या घोळक्यात स्फोटकांनी भरलेली होडी सोडायची.

कुठली लोकं निवडायची

मूळ पहिल्यात १२ संस्कृती होत्या, ‘राइज ऑफ रोम’ने चार वाढवल्या. त्यांच्यातला फरक बेरीज-वजाबाकीचा होता. दुसऱ्यात प्रत्येकाला स्वतःचा असा एक सैनिक मिळाला. २०२२ च्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ पुरवणीत बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले, आणि आधीचे ‘इंडियन्स’ हिंदुस्थानी झाले. किनाऱ्यावरच्या नव्या खेळाडूला मी द्रविड देईन. दर नव्या युगाला २०० लाकूड फुकट मिळतं, मासेमार एका खेपेत १५ जास्त आणतात, आणि जहाजं दणकट.

मराठे कुठे, हे प्रत्येक मूल विचारतं. ‘कॉन्करर्स’मधली कोरियाची आरमारी लढाई १५९८ ची, म्हणजे खेळाची नजर साधारण सोळाव्या शतकाच्या शेवटापर्यंत पोचते. शिवकाल त्यानंतरचा. पण आपला किनारा ज्यात येतो असा माणूस आहे : २०१५ च्या ‘आफ्रिकन किंग्डम्स’ पुरवणीत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाची मोहीम आहे. याचा मुलगा १५०८ मध्ये चौलच्या लढाईत मारला गेला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात बापाने दाभोळ जाळलं आणि पुढच्या फेब्रुवारीत दीवला लढाई जिंकली. ती मोहीम कठीण आहे, पहिल्या महिन्यात घेऊ नका. भाचीने दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवली आहे. तोवर तिने पुण्याहून रोज एक डाव ‘स्टँडर्ड’ पातळीच्या कॉम्प्युटरशी खेळायचा आणि वहीचं पान फोटो काढून मला पाठवायचं असं ठरलंय. कालच्या पानावर एकच ओळ होती : ‘मावशी, घंटा वाजवली, सगळे वाचले.’